पाण्यातून, सोड्यातून आणि आता पुदिन्यातून

व्हिस्की पाण्यातून घ्यावी, फार तर सोड्यातून. त्यापलीकडे जो जातो त्याला मुळात व्हिस्की आवडतच नाही, असं माझं ठाम मत होतं. ते मी मनात ठेवलं होतं असंही नाही. मित्रांच्या बैठकीत, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जागरणात, गोव्याच्या सहलीत, जिथे कुणी कागदी छत्री खोचलेलं रंगीत काहीतरी मागवलं तिथे मी ते ऐकवलं आहे. कोला घालणाऱ्यांना तर आम्ही पंगतीतच धरत नव्हतो.

आज माझ्या फ्रीजच्या दारात साखरेच्या पाकाची बाटली असते. गॅलरीतल्या कुंड्यांत पुदिना आणि सब्जा आहे. शनिवारी संध्याकाळी मी ओट्याशी उभा राहून लिंबं कापतो. बैठकीतल्या एका जुन्या मित्राने हे पाहिलं आणि आत तोंड करून विचारलं, "वहिनी, ह्याला कुणाची दृष्ट लागली?" त्याला मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

माझ्या जुन्या मताला दोन उघड कारणं होती. पहिलं असं की कॉकटेल ही खराब दारू लपवायची युक्ती आहे. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लोक चोरून काहीतरी जळजळीत गाळायचे आणि ते घशाखाली उतरावं म्हणून त्यात फळांचे रस ओतायचे, तिथून हे खूळ आलं, असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि पुढे ते स्वतःचंच संशोधन असल्यासारखं सांगत होतो. दुसरं कारण शुद्धतेचं. एखाद्याने लाकडी पिंपात इतकी वर्षं जपून ठेवलेली वस्तू, तिच्यात तुम्ही पाला कोंबता म्हणजे काय?

तिसरं कारण मी कधी तोंडावाटे काढलं नाही, पण बाकीची दोन त्याच्याच आडोशाला उभी होती. फळांचं, गोडसर, वर पान खोचलेलं पेय म्हणजे बायकांचं पेय. कडक घोट तोंड वाकडं न करता गिळता येणं ही आमच्यात मोठं झाल्याची खूण होती. नोकरीला लागल्यावर वरिष्ठांबरोबर पहिल्यांदा बसलो तेव्हा कुणी चव विचारली नाही. "झेपते का?" एवढंच विचारलं.

आमची बैठक कशी असायची ते सांगतो. कुणाच्या तरी गच्चीवर सतरंजी, मध्ये बाटली, स्टीलचा जग, बर्फाचा ट्रे नळाखाली धरून मोकळा केलेला. पेग भरायचं काम एकाकडेच, आणि तो हात सैल असलेला माणूस असायचा. मापाचा प्रश्नच नव्हता. दोन बोटं म्हणजे लार्ज, मग बोटं कुणाची का असेनात. पहिल्या घोटाला सगळ्यांचेच डोळे बारीक व्हायचे आणि पाठोपाठ मूठभर शेंगदाण्यांचा बकाणा भरला जायचा. इतक्या वर्षांत त्या बाटलीच्या चवीबद्दल आम्ही काय बोललो, हे आठवायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. 'स्मूद आहे.' हा एक शब्द आठवतो. राजकारण, बदल्या, क्रिकेट, कुणाचं कुठे फाटलं, यावर आम्ही रात्र काढत होतो. व्हिस्कीवर मात्र एक शब्द.

आणि तो चकणा! मसाला शेंगदाण्यांवर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, मूठभर कोथिंबीर, वरून लिंबू पिळलेलं. पापडावर तेच. कुणी सुरमई तळून आणली तर तिच्याही कडेला लिंबाची फोड. म्हणजे फळ आणि पाला दोन्ही त्या सतरंजीवर होतेच, फक्त वेगळ्या ताटलीत. व्हिस्कीचा एक घोट, लगेच लिंबू-कोथिंबीर लागलेला घास. तोंडात काय होत होतं? जे ग्लासात होऊ नये म्हणून मी वाद घालत होतो, तेच. वर हिरव्या मिरचीने जीभ अशी बधिर करून ठेवलेली की पिंपातल्या लाकडाचा वास कळायची सोयच नाही.

आता शुद्धतेचं बघा. आपल्याकडे वर्षानुवर्षं खपलेल्या बहुतेक लोकप्रिय व्हिस्क्यांचा पाया असतो एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. हे अल्कोहोल ९६ टक्क्यांच्या आसपास नेलेलं, म्हणजे त्याला स्वतःचा वास-चव फारशी उरलेली नसते. ते धान्यापासून करतात किंवा उसाच्या मळीपासून. त्यात थोडं माल्ट स्पिरिट, काहींत थोडी आयात केलेली स्कॉच, मग पाणी आणि रंगाला कॅरॅमल. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे व्हिस्की धान्याचीच हवी आणि निदान तीन वर्षं लाकडात मुरलेली हवी. त्यामुळे मळीवर उभ्या असलेल्या आपल्या व्हिस्क्या तिकडे व्हिस्की या नावाने विकताच येत नाहीत. मळी म्हणजे आपल्या साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरतं ते. व्हिस्कीत साखर घालू नका असं जगाला बजावणारा मी बहुतेक वेळा उसाचीच दारू, जळक्या साखरेच्या रंगात पीत होतो. तिचं पावित्र्य मी नेमकं कशापासून राखत होतो?

बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, तो आकडाही मला कधी विचित्र वाटला नाही. ब्रिटिशांच्या जुन्या मोजणीत 'प्रूफ' म्हणजे साधारण ५७.१ टक्के, त्याच्या तीन चतुर्थांश केले की ४२.८ येतात. साहेब गेला, त्याने स्वतःकडची मोजणी बदलली, आपण अजून त्याच्या प्रूफात पंचवीस अंश खाली उभे आहोत. असो.

पाणी चालतं आणि लिंबू चालत नाही, हे तरी कुठल्या न्यायाने? पाणी घालणं हेही मिसळणंच आहे. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर प्रतिकृती करून दाखवलं की व्हिस्कीला धुरकट वास देणारं ग्वायकॉल नावाचं द्रव्य अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली असताना पृष्ठभागाजवळ येऊन थांबतं, म्हणून ते नाकाला जाणवतं. अल्कोहोल जास्त असलं की ते खाली दडून राहतं. म्हणजे पाण्याने व्हिस्की उघडते, हे खरं. पण आम्ही ज्या हिशेबाने पाणी ओतत होतो त्याने ती उघडत नव्हती, वाहून जात होती.

राहिलं दारूबंदीचं. हे प्रकरण तारखांनीच निकालात निघतं. अमेरिकेतली दारूबंदी १९२० ते १९३३. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे दारू, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचं मिश्रण असा खुलासा वाचकांसाठी छापला तो १८०६ साली. जेरी थॉमस या बारटेंडरचं पुस्तक आलं १८६२ मध्ये आणि त्यात व्हिस्की स्मॅश आहे: व्हिस्की, साखर, पुदिना, बर्फ. थॉमसच्या लेखी स्मॅश म्हणजे ज्युलेप नावाच्या पेयाचंच धाकटं रूप. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात व्हिस्कीच्या आयरिश पूर्वजाची जी नोंद आहे, तीच मुळी सुगंधी द्रव्यं घालून काढलेल्या अर्काची आहे. म्हणजे पाला आधीचा आणि 'नुसती घ्या' हा आग्रह नंतरचा.

त्याहून मागे गेलं तर गोष्ट आपल्या अंगणातच येते. १६३८ साली सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो तिथल्या इंग्रजांच्या पिण्याबद्दल लिहितो. तिथे दारूत लिंबाचा रस, साखर आणि गुलाबपाणी घालत. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी व्हायला तेव्हा अजून पाव शतक होतं. त्याच सुरतेत आज दारूला बंदी आहे, हा भाग वेगळा.

हे सगळं मी मागाहून वाचलं. मत बदलायला एवढ्या वाचनाची गरज लागली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मत बदललं ओट्याजवळ, आणि वाचन केलं ते बदललेल्या मताला टेकू म्हणून. माणसं बहुधा असंच करतात.

मुलगी बंगळुरूला नोकरी करते, तिशी ओलांडलेली आहे. सुट्टीला आली होती. माझीच बाटली, फ्रीजमधलीच लिंबं, आणि भाजीवाल्याने कोथिंबिरीबरोबर दिलेला पुदिना. मी बाहेर बातम्या बघत होतो. आतून लाटण्याचा ठकठक आवाज आला म्हणून उठलो.

"व्हिस्कीत पुदिना? चटणी करतेस का?"

"चटणी तू केली असतीस, बाबा. मी नुसता दाबलाय. एक घोट घे. नाही आवडलं तर मी पिते."

घेतला. आधी नाकाला पुदिना लागला, मग लिंबू, मग जिभेच्या कडेला गोडवा, आणि या सगळ्याच्या मागून सावकाश व्हिस्की आली. तीच, जी मी इतकी वर्षं पीत होतो. पण तिच्यात लाकडाचा तुरट वास होता, थोडा व्हॅनिलासारखा काहीतरी होता, आणि हे मला त्या बाटलीत कधी भेटलं नव्हतं. मी दुसरा घोट घेतला आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर पेला परत द्यावा लागला असता.

बायको घेत नाही. तिने चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "अहो, ही तर आपली आमटी. चिंच आणि गूळ. गूळ जरा कमी पडलाय."

तिने जे चमचाभर चाखून सांगितलं ते बारटेंडर लोक मोठ्या तक्त्यांनी शिकवतात. आंबट आणि गोड एकमेकांना अडवून धरतात तेव्हाच तिसरी चव मध्ये उभी राहू शकते. मुलीने पाक थोडा वाढवला. आणि पेय खरोखरच जागेवर आलं.

त्यानंतर मी हा व्हिस्की स्मॅश स्वतः करायला लागलो. माझं माप सांगतो: व्हिस्की ६० मिली, लिंबाचा ताजा रस २० मिली, पाक १५ मिली, पुदिन्याची आठ-दहा पानं. मापायला खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण. त्यावर ५, १०, १५ च्या रेघा असतात, वेगळं काही आणायला नको. या झाकणाने माझा आणखी एक भ्रम काढला. माझा नेहमीचा 'लार्ज' मी एकदा अंदाजाने ओतून मग मोजला, तर तो ६० सोडून बराच पुढे, नव्वदीकडे झुकलेला निघाला. डॉक्टरांना मी मोठ्या निरागसपणे "दोन पेग" सांगत आलो होतो.

पाक म्हणजे गुलाबजामचा पाक नव्हे. साखर आणि पाणी समान वजनाचं, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि उतरवायचं, तारेबिरेची भानगड नाही. नुसती साखर घालून चालत नाही, कारण अल्कोहोलमध्ये ती विरघळायला नाखूश असते आणि बर्फाच्या थंडीत तर तळाशी वाळूसारखी बसून राहते.

पुदिन्याचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या अगदी बारीक ग्रंथींत असतो, त्या नुसत्या दबल्या तरी फुटतात. म्हणून पान तळहातावर ठेवून वरून एक टाळी वाजवायची, किंवा लाटण्याच्या बोथट टोकाने हलकेच दोन-तीन वेळा दाबायचं. खलबत्त्यात कुटलं की पानाच्या आतला हिरवा कडूपणा बाहेर येतो आणि पेयाला गवताची चव लागते. आपला हात कुटायला सोकावलेला असतो, त्याला आवरणं हेच यातलं अवघड काम.

लिंबाचीही एक गोम आहे. डेल डिग्रॉफ या न्यूयॉर्कच्या बारटेंडरने अलीकडच्या काळात स्मॅशला पुन्हा दिवस दाखवले. त्याच्या पद्धतीत लिंबाच्या फोडी सालीसकट ठेचतात, कारण सालीतलं तेल हवं असतं. पण ते लिंबू तिकडचं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं आणि चिडकं. त्याला सालीसकट ठेचलं की पेयात लोणच्याचा कडवटपणा उतरतो. रस काढून घ्यावा आणि सालीचा बोटभर हिरवा पापुद्रा, पांढरा भाग न घेता, वरून पिळून टाकावा. पुरतो तेवढा.

मग हे सगळं घट्ट झाकणाच्या भांड्यात बर्फ भरून दहा-पंधरा सेकंद दणकून हलवायचं. मी रुंद तोंडाची स्टीलची पाण्याची बाटली वापरतो. बरणी वापरायची तर लोणच्याची सोडून कोणतीही, कारण मेथीचा वास काचेतून नाही तर झाकणाच्या रबरातून परत येतो. सोडा असेल तर तो हलवायच्या भांड्यात घालू नये, झाकण छताला भेटतं. बर्फाचा ट्रे फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी आणि बोंबलांच्या डब्याखाली ठेवला असेल तर त्या दोघांची खबर पेल्यात लागते. गाळायला चहाचं गाळणं चालतं, पण त्याला चहाचा वास नको. मी वेगळं आणलं, त्यावरून घरात थोडं ऐकून घेतलं.

पुदिना जमल्यावर मन पुढे धावलं. युरोपात या पेयाच्या नात्यात बेझिल आलं आहे. हॅम्बुर्गच्या यॉर्ग मायरने २००८ मध्ये जिनमध्ये बेझिल ठेचून केलेला स्मॅश जगभर गेला. बेझिल म्हणजे तुळशीच्या कुळातलं, तेव्हा मी कात्री घेऊन गॅलरीत गेलो. बायकोने काही न बोलता दाराच्या चौकटीला टेकून पाहिलं. बाहेर दिवेलागण झाली होती. दिवेलागणीनंतर तुळस तोडत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत, आणि दारूत घालायला तर कुठल्याच वेळी नाही. मी देवभोळा नाही. पण कात्री खिशात गेली. या बाबतीत माझं मत बदललेलं नाही आणि बदलायचा विचारही नाही. रोपवाटिकेतून सब्जाचं रोप आणलं. फालुद्यात आपण ज्या बिया घालतो त्याचंच हे झाड, आणि इटालियन हॉटेलात बेझिल म्हणून जे पान येतं त्याच जातीचं. घरातला तंटाही मिटला आणि वासही मिळाला.

फळांत माझं पहिलं बक्षीस पुरंदरच्या अंजिराला. सासवडकडून येणारं मीठा बहाराचं अंजीर, उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळतं ते. पिकलेलं, हाताला मऊ, देठाचा चीक निघून गेलेला. एक अंजीर सोलून नुसतं चेपायचं, त्यावर सब्जाची चार पानं, लिंबू नेहमीचं पण पाक निम्माच, कारण अंजिरात आंबटपणा नाममात्र आणि गोडवा भरपूर. गाळण्यात बारीक बिया अडकतात, गर उतरतो, आणि व्हिस्कीच्या लाकडी वासाला अंजीर असं चिकटतं की दोघं एकाच पिंपातून आले असावेत. नागपुरी संत्र्याबरोबर मी गवती चहा घेतो. त्याचा मुख्य वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा, तोच लिंबाच्या सालीतही असतो, म्हणून तो संत्र्याला परका वाटत नाही. पात पाकातच उकळून घ्यायची. संत्र्यावर विसंबून लिंबू गाळलं तर पेय मिळमिळीत होतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात. मला रंग आवडला, बाकी विशेष नाही. हापूस या कामाला लावू नये. हापूस आणि व्हिस्की दोघांनाही एकट्याने गायचं असतं.

आता ज्या गोष्टीने माझं तिसरं, न बोललेलं कारण मोडलं, ती. आमच्या बैठकीतला ६० चा पेग, त्यात दुप्पट पाणी, म्हणजे ग्लासात अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास. वरच्या मापाचा स्मॅश, बर्फाचं वितळलेलं पाणी धरून, २० टक्क्यांच्या जवळपास जातो. ज्याला आम्ही हलकं, गोडगोड, बायकी म्हणत होतो ते आमच्या मर्दानी पेगापेक्षा कडक होतं. आम्ही झेपवत होतो ते प्रामुख्याने पाणी.

पण याच आकड्यात एक धोकाही आहे, आणि मतांतर झालेल्या माणसाच्या उत्साहात मी तो लपवणार नाही. लिंबू आणि साखर जळजळ झाकतात. कडू घोटाला शरीर स्वतःहून थांब म्हणतं, सरबताला म्हणत नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने, एरवी फारशी न घेणाऱ्याने, उन्हातून आल्याच्या तहानेने एक पेला गटागटा संपवला आणि दुसरा मागितला. ६० मिलीत शुद्ध अल्कोहोल २० ग्रॅमच्या आसपास असतं आणि ते सरबतातून गेलं म्हणून यकृताला सवलत मिळत नाही. त्या गृहस्थांना आम्ही रात्री रिक्षाने पोचवलं. त्यानंतर पाहुण्यांसाठी मी ३० मिलीचाच करतो, आणि देण्याआधी सांगतो. शिवाय १५ मिली पाकात साखर दोन चमचे जाते. ज्यांची साखर वाढलेली आहे त्यांनी माझ्या नादी लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाण नाही. आपल्या राज्याचा दारू पिण्याचा परवाना मात्र अजूनही आरोग्य जपण्यासाठीच दिला जातो. दोघांचं एकदा बोलणं व्हायला हवं.

माझं स्वतःचं पिणं कमी झालं का? थोडं झालं, पण त्यात सद्गुण काही नाही. दुसरा पेला करायचा म्हणजे पुन्हा लिंबू, पुन्हा पानं, पुन्हा गाळणं धुणं. आळसाने जे साधलं ते निग्रहाने कधी साधलं नव्हतं. चकणाही कमी लागतो. भाजलेले मखाणे किंवा काकडीच्या चकत्या पुरतात, आणि मिरचीची गरज उरत नाही. पूर्वी बैठक गच्चीवर व्हायची आणि घरातले खाली झोपायचे. आता मी ओट्याशी असतो, बायको भाजी निवडत असते, किती ओतलं ते तिला दिसतं. हे सुरुवातीला अवघड गेलं, नाही म्हणत नाही. गच्चीवर निदान कुणी झाकण मोजत नव्हतं.

जुने मित्र भेटतात तेव्हा मी अजूनही सोड्यातून घेतो. त्यांच्यात पुदिना काढायची माझी हिंमत नाही असंही म्हणा, किंवा तिथे आम्ही जमतो ते व्हिस्कीसाठी नव्हे, हे आता कळलंय असंही म्हणा. ज्याने दृष्टीचा प्रश्न विचारला होता त्याने परवा फोनवर बोलता बोलता पाकाचं प्रमाण विचारून घेतलं. "बायकोला करून द्यायचंय," म्हणाला. मी खोलात गेलो नाही.

एक वाद घरात शिल्लक आहे. मुलीने वाढदिवसाला गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या डिस्टिलरीची सिंगल माल्ट दिली आहे. शंभर टक्के जवाची, आणि आपल्याकडच्या उकाड्यात मुरलेली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, आपल्या हवेत त्याच्या कित्येक पट, म्हणून इथली माल्ट लवकर वयात येते. मुलीचं म्हणणं, अंजिराचा स्मॅश एकदा या बाटलीचा करून बघू. मी म्हटलं, सिंगल माल्टमध्ये पाला? तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग माझेच जुने मुद्दे, शुद्धतेचा, पिंपाचा, कारागिराचा, एकेक करून मला परत केले आणि विचारलं की यातला कुठला अजून शाबूत आहे. मला एकच सापडला: किंमत. तिच्या मते हा मुद्दाच नाही, कारण पैसे तिने दिले आहेत. बाटली सध्या माझ्या कपाटात आहे, आणि अंजिराचा बहार यायला अजून अवकाश आहे.